जरनैल सिंग : मागं उभा राहणारा कप्तान

स्मरणिकेच्या संपादक मंडळानं मला खेळावर काहीतरी लिहून द्या म्हणून सांगितलं. पस्तीस-छत्तीस वर्षं पी.टी.चा मास्तर म्हणून काढली, आधी लातूरला आणि नंतर इकडं नांदेडला, त्यामुळं हे काम माझ्याकडं येणारच होतं. गावसकर, सचिन यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आपल्या सोसायटीतली पोरं मात्र अलीकडं ओपन स्पेसमध्ये क्रिकेटपेक्षा फुटबॉलच जास्त खेळायलीत. एकाच्या पाठीवर मेस्सी, दुसऱ्याच्या पाठीवर रोनाल्डो. दोन विटा, दोन चपला, झाला गोल तयार. मी संध्याकाळी बाकावर बसून बघत असतो. टीम पाडताना एक गोष्ट रोज घडते. सगळ्यांना पुढं खेळायचं असतं. मागं बॅकला कोण? जो सगळ्यात धाकटा, जो जरा जाड, नाहीतर जो नुकताच भाड्यानं राहायला आलाय तो. शाळेतही मी हेच बघत आलो. गोल मारणाऱ्याचं नाव होतं, गोल वाचवणाऱ्याला फार तर चुकला म्हणून शिव्या मिळतात.

म्हणून ठरवलं की एका बॅकवर लिहायचं. असा बॅक, जो पुढं भारताचा कप्तान झाला, आशिया खंडातल्या निवडक खेळाडूंच्या संघाचाही कप्तान झाला, आणि ज्याच्या आयुष्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट मात्र गोल मारल्याची आहे. जरनैल सिंग ढिल्लों हे त्याचं पूर्ण नाव. थोर माणसांना अहो-जाहो करावं हे मला कळतं, पण खेळाडूला आपण घरचं समजून अरे-तुरे करतो, तेच इथं करतो. वाचकांनी राग मानू नये.

नांदेडच्या माणसाला शीख समाज काही नवा नाही. सचखंड हुजूर साहिबमुळं आपल्या गावाचं नाव जगभर गेलं. इथले दखनी शीख पिढ्यान्‌पिढ्या आपल्यासारखंच मराठी बोलतात, आपल्या लग्नाकार्याला येतात. गुरू गोविंदसिंगांच्या नावानं इथं हॉकीच्या अखिल भारतीय स्पर्धा भरतात, तेव्हा नांदेडात शीख आणि खेळ म्हटलं की डोळ्यांपुढं हॉकीची स्टिकच येते. पंजाबात एक सबंध इलाखा फुटबॉलवेडा आहे, हे आपल्याकडं कमी लोकांना ठाऊक असतं. जरनैल त्या इलाख्यातला.

पण त्याचा जन्म तिथला नाही. तो जन्मला २० फेब्रुवारी १९३६ ला, लायलपूर जिल्ह्यात. आता ते पाकिस्तानात आहे आणि गावाचं नाव फैसलाबाद झालंय. इंग्रजांनी कालवे काढून तो सगळा माळ भिजवला आणि पूर्व पंजाबातल्या शेतकऱ्यांना तिथं जमिनी दिल्या. अशा वसाहतीतल्या एका शेतकरी घरातला हा मुलगा. अकरा वर्षांचा असताना फाळणी झाली. घर, जमीन, गुरंढोरं, उभं पीक, सगळं जागच्या जागी ठेवून लाखो माणसं निघाली, त्यात हे कुटुंबही निघालं. अलीकडं आल्यावर ते होशियारपूर जिल्ह्यात गडशंकरजवळच्या पनाम गावी स्थिरावलं.

आपल्या सोसायटीत ज्यांची मुळं लातूर, उदगीर, कंधार, देगलूरकडची आहेत, त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडंही ४७-४८ साली रझाकारांच्या धामधुमीत कितीतरी घरं रातोरात कुलपं लावून सरहद्दीपलीकडं, बार्शी-सोलापूरकडं निघून गेली होती. माझी आजी सांगायची, की जाताना तिनं जात्यावरचं अर्धं दळण तसंच ठेवलं. फरक एवढाच की सप्टेंबर ४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाल्यावर आपली माणसं परत आपल्या दारात आली. जरनैलच्या घराला परतायला वाट उरली नव्हती.

पनामपासून जवळ माहिलपूर नावाचं गाव आहे. तिथलं खालसा कॉलेज म्हणजे पंजाबातल्या फुटबॉलची तालीमच. आपल्याकडं कोल्हापुरात तालमी आणि त्यांचे फुटबॉल संघ आहेत, त्या धर्तीवर समजा. जरनैल तिथं शिकला आणि खेळला. अंगानं मजबूत, उंचापुरा, हवेत उडी घेतली की दोन माणसांच्या वरून हेड मारणारा. त्या काळात फुटबॉल खेळून नाव आणि पोट दोन्ही भरायचं तर एकच ठिकाण होतं, कलकत्ता. १९५८ च्या सुमारास तो तिथं पोचला. आधी राजस्थान क्लबकडून खेळला, आणि १९५९ ला मोहन बागाननं त्याला घेतलं.

मोहन बागान म्हणजे काय हे पोरांसाठी दोन ओळींत सांगतो. १९११ साली याच क्लबच्या गड्यांनी, बहुतेक सगळे अनवाणी, गोऱ्या सोजिरांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली होती. बंगाल्यांना ती स्वातंत्र्यलढ्यातलीच एक लढाई वाटते. या क्लबची बॅकची परंपरा फार मोठी. गोष्ठ पाल या क्लबचा, ज्याला लोक चीनची भिंत म्हणायचे, आणि १९६२ ला पद्मश्री मिळालेला तो पहिला फुटबॉलपटू. शैलेन मन्ना याच क्लबचा, १९५१ च्या दिल्ली आशियाई खेळात भारतानं सुवर्णपदक जिंकलं तेव्हाचा कप्तान, तोही बॅक. अशा जागेवर पंजाबचा एक पोरगा जाऊन उभा राहिला.

इथं मला एक गंमत वाटते. कलकत्त्यात दुसरा मोठा क्लब ईस्ट बंगाल. पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या लोकांचा तो जीव की प्राण. मोहन बागान हा तिथल्या मूळ रहिवाशांचा. म्हणजे हिशेबानं बघितलं तर फाळणीत घर गमावलेला जरनैल ईस्ट बंगालकडं जायला हवा होता. तो खेळला स्थानिकांच्या क्लबकडून, जवळजवळ दहा वर्षं, आणि त्या लोकांनी त्याला आपला मानला. ना भाषा एक, ना खाणंपिणं एक. मासे-भात खाणाऱ्या शहरात पगडीवाला सरदार कसा रुजला असेल? मला वाटतं, मैदानात उभं राहायची त्याची जागाच त्याला कामी आली. फॉरवर्ड दोन मॅचमध्ये गोल करू शकला नाही की लोक विसरतात. बॅक रोज दिसतो, रोज तिथंच उभा असतो. त्याच्या काळात मोहन बागाननं १९६२ ते ६५ अशी सलग चार वर्षं कलकत्ता लीग जिंकली आणि १९६३, ६४, ६५ असा सलग तीनदा ड्युरँड कप नेला. पुढं चुनी गोस्वामीसारखा राजस खेळाडू होता हे खरंच, पण मागची बाजू भक्कम असल्याशिवाय चार वर्षांची लीग निघत नाही.

तो नेमकं काय करायचा, हे खेळाच्या भाषेत सांगायला हवं. त्याची जागा स्टॉपरची, म्हणजे गोलीच्या पुढं मधोमध उभा राहणारा बचावपटू. समोरच्या संघाचा सगळ्यात धोक्याचा माणूस, सेंटर फॉरवर्ड, त्याच्या वाट्याला. वरून आलेला बॉल हेडनं परतवायचा. खालून आला तर घसरत जाऊन पायातून काढून घ्यायचा. ही घसरती टॅकल त्याची खासियत होती. त्यात एक क्षण उशीर झाला तर फाऊल, पेनल्टी, नाहीतर माणूस मोडतो. तेव्हा मैदानं आजच्यासारखी हिरवी मऊ नव्हती. पावसाळ्यात चिखल आणि एरवी दगडी भुई. जरनैल फार आडदांड खेळतो, अशी टीका त्याच्यावर होत असे. ती खोटी नव्हती, तो लागट खेळायचा. पण बॅकला विद्यार्थ्यांपुढं आदर्श म्हणून ठेवताना मी नेहमी हे सांगत आलो, की लागट खेळणं आणि लागेल असं खेळणं यात फरक असतो. सेंटर फॉरवर्डला पहिल्या पाच मिनिटांत कळलं पाहिजे की इकडून वाट नाही, मग तो स्वतःच बाजूला सरकतो. जरनैलचं अर्धं काम असं बॉलला पाय न लावता होत असे.

१९६० ला रोमच्या ऑलिंपिकमध्ये तो भारताकडून खेळला. गट फारच अवघड पडला होता. हंगेरीशी आपण २-१ नं हरलो, आणि हंगेरीनं त्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतलं. फ्रान्सशी १-१ बरोबरी केली. पेरूनं आपल्याला ३-१ नं हरवलं. आज फ्रान्सशी बरोबरी म्हटलं तर पोरं हसतील, पण ती झालेली आहे. कप्तान होता पी. के. बॅनर्जी.

या संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याबद्दल मला जरा जास्त जिव्हाळा आहे आणि त्याला कारण आहे. रहीमसाहेब हैदराबादचे, पेशानं शिक्षक. काचीगुड्याच्या शाळेत मास्तरकी केलेला माणूस. काचीगुडा म्हटलं की आपल्याला गाडीच आठवते, कितीतरी नांदेडकर त्या गाडीत बसून दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला हैदराबादला जातात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आपण आणि ते एकाच राज्यात होतो. नांदेड, लातूर, हैदराबाद सगळं एकच. म्हणजे भारताच्या फुटबॉलचा सगळ्यात मोठा गुरू हा एका अर्थानं आपल्याच जुन्या राज्याचा. १९५१ चं सुवर्णपदक त्यांच्या हाताखाली आलं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला तोही त्यांच्याच हाताखाली. अजय देवगणचा मैदान हा सिनेमा २०२४ ला आला, तो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला आहे. तो रहीमसाहेबांवरचाच. सिनेमावाल्यांनी थोडं तिखट-मीठ लावलंय, पण मुळातली गोष्टच इतकी जबर आहे की त्याची गरज नव्हती असं माझं मत.

ती गोष्ट १९६२ ची, जकार्ताची.

चौथे आशियाई खेळ इंडोनेशियात भरले. यजमानांनी राजकारणापायी इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नाही. आशियाई खेळांच्या संघटनेवरचे आपले जी. डी. सोंधी यांनी त्याला हरकत घेतली. नियमाप्रमाणं त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण त्यामुळं तिथलं पब्लिक भारतावर भयंकर खवळलं. आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला. खेळाडूंच्या बसवर भारताचं नाव दिसणं धोक्याचं झालं. पगडीवरून शीख खेळाडू लांबूनही ओळखू येणार, म्हणून जरनैल आणि त्रिलोक सिंग बसमध्ये सीटखाली वाकून बसून यायचे-जायचे, अशी आठवण त्या संघातल्या लोकांनी पुढं सांगितलेली आहे. अकराव्या वर्षी एकदा माणसांच्या झुंडीतून जीव वाचवून आलेला पोरगा, सव्विसाव्या वर्षी पुन्हा तेच. हे वाचताना माझ्या पोटात खड्डा पडतो.

पहिलीच मॅच दक्षिण कोरियाशी आणि आपण २-० नं हरलो. दुसरी थायलंडशी, ती ४-१ नं जिंकलो. पण याच मॅचमध्ये जरनैलच्या डोक्याला मोठी जखम झाली. टाके घालावे लागले. त्यानंतर जपानला आपण २-० नं हरवलं आणि सेमीफायनल गाठली. आता रहीमसाहेबांपुढं पेच होता. स्टॉपरचं तर कामच हेड मारायचं. डोक्याला ताजे टाके असलेला माणूस तिथं उभा केला तर पहिल्या उंच बॉलला टाके तुटणार. आणि तेव्हा मॅच चालू असताना खेळाडू बदलायची सोय नव्हती. अकरा म्हणजे अकरा, एक जायबंदी झाला की दहाच. दुसरीकडं जरनैलला घरी बसवावं तर एवढा ताकदीचा, न भिणारा गडी बाहेर.

रहीमसाहेबांनी त्याला सगळ्यात पुढं नेलं. सेंटर फॉरवर्ड! मागं त्याच्या जागी अरुण घोषला आणलं. दुसरा कुणी प्रशिक्षक असता तर लोकांनी वेड्यात काढला असता. मी मास्तर म्हणून या निर्णयावर कैक वेळा विचार केलाय. यात मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही, की जो जन्मभर सेंटर फॉरवर्डला अडवत आला, त्याला सेंटर फॉरवर्डचं काय काय दुखतं हे पक्कं ठाऊक असतं. दुसरी अशी, की समोरच्या बॅकला सवय चपळ, चुकवणाऱ्या फॉरवर्डची. त्याच्या अंगावर अचानक एक पहाडासारखा, डोक्याला पट्टी बांधलेला माणूस धावून आला तर तो आधी स्वतःला सांभाळणार, मग बॉलला. रहीमसाहेबांनी नेमका हाच हिशेब केला होता की नाही, ते त्यांनाच माहीत. निकाल मात्र तसाच लागला.

सेमीफायनल दक्षिण व्हिएतनामशी झाली. आपण ३-२ नं जिंकलो. दोन गोल चुनी गोस्वामीचे आणि एक जरनैलचा. त्या स्पर्धेत कप्तान चुनीच होता, हे सांगून ठेवतो, कारण पुष्कळदा जरनैलला चुकून ६२ चा कप्तान म्हणतात.

४ सप्टेंबर १९६२. फायनल. समोर परत दक्षिण कोरिया, पहिल्या मॅचला आपल्याला हरवलेला संघ. सेनायानचं नवंकोरं स्टेडियम, लाखाच्या घरात माणसं, आणि जवळजवळ सगळी भारताच्या विरोधात ओरडणारी. आपल्या संघात धडधाकट किती होते? थंगराज गोली तापातून उठलेला. त्रिलोक सिंगचा पाय दुखावलेला. जरनैलचे टाके ओले. रहीमसाहेबांना स्वतःला फुप्फुसाचा कॅन्सर झालेला.

त्या अकरा जणांची नावं एकदा मोठ्यानं वाचून बघा. थंगराज, बलराम आणि युसूफ खान हे हैदराबाद-सिकंदराबादकडचे. चंद्रशेखर केरळचा. फ्रँको गोव्याचा, मुंबईच्या मैदानांवर खेळून पुढं आलेला. गोवा स्वतंत्र होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पी. के., चुनी, अरुण घोष, प्रशांत सिन्हा हे बंगालचे. जरनैल आणि त्रिलोक पंजाबचे. आपल्या सोसायटीच्या दारावरच्या पाट्याही इतक्या तऱ्हेच्या नाहीत.

सतराव्या मिनिटाला पी. के. नं गोल केला. तीनच मिनिटांनी दुसरा गोल झाला, तो जरनैल सिंगचा. बॅकनं सेंटर फॉरवर्डच्या जागेवरून, फुटलेल्या डोक्यानं, फायनलमध्ये. त्यानंतर सत्तर मिनिटं कोरिया धडका देत राहिली. शेवटच्या काही मिनिटांत त्यांनी एक गोल फेडला. बस्स, तेवढंच. भारत २, दक्षिण कोरिया १.

त्या सगळ्या गोंगाटात स्टेडियममधला एक छोटा घोळका मात्र भारतासाठी ओरडत होता, तो पाकिस्तानच्या हॉकी संघाचा. त्यांनी त्याच खेळांत हॉकीच्या फायनलला आपल्याला हरवलं होतं. फुटबॉलला मात्र ते आपल्या बाजूनं उभे राहिले. आपल्या खेळाडूंनी ही गोष्ट पुढं कायम मोठ्या मनानं सांगितली. त्यांच्यातला कुणी लायलपूरकडचा असला तर त्याला आपल्या गावचा पोरगा गोल मारताना दिसला असेल.

आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्णपदक भारताला त्यानंतर पुन्हा मिळालेलं नाही.

रहीमसाहेब पुढच्या वर्षी, ११ जून १९६३ ला गेले. फायनलनंतर नऊ महिने. पन्नाशीतला माणूस. त्यांच्यानंतर भारताच्या फुटबॉलचं जे झालं ते आपण बघतोच आहोत.

जरनैल जकार्ताहून परत आला आणि मुकाट्यानं आपल्या जुन्या जागी, मागं जाऊन उभा राहिला. मला त्याच्या चरित्रातली ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. आशियाई फायनलला गोल मारलेला माणूस, त्यानं आता मी पुढंच खेळणार म्हणून हट्ट धरला असता तर कोण नाही म्हणणार होतं? मोहन बागानला त्याची गरज मागं होती, तो मागं गेला. पुढची सलग तीन ड्युरँड त्यानंतरची आहेत. १९६४ ला त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. १९६५ ते ६७ तो भारताचा कप्तान होता. आणि याच सुमारास आशियातल्या निवडक खेळाडूंचा जो ऑल स्टार संघ निघाला, त्याचं कप्तानपदही त्याच्याकडं आलं. हा मान दुसऱ्या कुणा भारतीयाला मिळालेला नाही.

बॅक असून कप्तान, याचं पोरांना नवल वाटतं. त्यांना कप्तान म्हणजे पुढं पळणारा, सगळ्यात जास्त गोल मारणारा वाटतो. पण मैदानात कधी मागं उभं राहून बघा. सगळा खेळ तुमच्या डोळ्यांपुढं असतो. आपले दहापैकी नऊ गडी तुम्हाला पाठमोरे दिसतात. कोण दमलाय, कोण जागा सोडून भरकटलाय, कुठली बाजू उघडी पडलीय, हे पुढच्याला कळतच नाही, मागच्याला सगळं कळतं. म्हणून मागून आवाज देणारा लागतो. आपले बिनपगारी सेक्रेटरी इतकी वर्षं पाण्याची टाकी, लिफ्टची दुरुस्ती आणि मेंटेनन्सची थकबाकी बघतात, कार्यक्रमात स्टेजवर मात्र दुसरेच असतात. तसंच काहीसं. (हे त्यांना विचारून लिहिलेलं नाही.)

खरं सांगायचं तर कप्तान म्हणून त्याच्या हाती फार काही लागलं नाही. १९६६ ला बँकॉकच्या आशियाई खेळांत भारताला पदक नव्हतं. ६२ चा संघ पांगला होता, रहीमसाहेब नव्हते, बाकीचे देश झपाट्यानं पुढं चालले होते. वय जरनैललाही सोडत नव्हतं. गुडघे, घोटे, घसरत्या टॅकलचा हिशेब शरीर कधीतरी वसूल करतंच. १९७० ला बँकॉकलाच आपण कांस्यपदक मिळवलं तेव्हा कप्तान होता सय्यद नईमुद्दीन, हाही बॅक आणि हाही हैदराबादचा.

१९६८ पर्यंत जरनैल मोहन बागानकडं होता. नंतर तो पंजाबात परतला. तिथं त्यानं पोरांना शिकवलं, पंजाबचे संघ घडवायला हातभार लावला आणि राज्याच्या क्रीडा खात्यात मोठ्या पदापर्यंत गेला. या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं नाट्य नाही. फायली, शिबिरं, निवड चाचण्या, मैदानांची कामं. खेळाच्या मास्तरला विचाराल तर खेळ जिवंत राहतो तो याच कामावर, पण त्यावर सिनेमा निघत नाही.

१३ ऑक्टोबर २००० ला कॅनडात व्हँकुव्हरला त्याचं निधन झालं. वय चौसष्ट. लायलपूरला जन्म, पनामला घर, कलकत्त्याला कीर्ती, आणि शेवट सातासमुद्रापलीकडं. आपल्या सोसायटीची पायाभरणी झाली त्याच सुमाराची ही गोष्ट. वर्तमानपत्रात छोटी बातमी आली होती, ती कापून मी शाळेच्या फलकावर लावली होती. चार-पाच दिवस ती तिथं होती, मग घटक चाचणीचं वेळापत्रक लागलं.

जाता जाता एक माहिती. गडशंकरला त्याच्या नावाचं स्टेडियम आहे आणि त्याच्या नावानं तिथं फुटबॉलच्या स्पर्धाही होतात. आपल्या इमारतीतली बरीच मंडळी दरवर्षी सचखंड एक्स्प्रेसनं अमृतसरला जातात. ही गाडी आपल्या नांदेडहूनच सुटते आणि लुधियाना, जालंधरवरून जाते. त्या बाजूला उतरलं की बसनं गडशंकर-माहिलपूर काही लांब नाही. सुवर्णमंदिर, वाघा बॉर्डर बघून एखादा दिवस हाती राहिलाच तर पोरांना घेऊन तिकडं चक्कर मारावी. संध्याकाळी गेलात तर मैदानावर पोरं खेळताना दिसतील.